पाळीवरची थंड जागा

एकदा एक राजा होता आणि आपले राज्य पुढे न्यावे असे त्याला मनापासून वाटत होते. राजाच्या मनात असे काही आले की प्रजेने जरा सावध राहावे, हे खरे. पण हा राजा खरोखरच भला होता. त्याने राजधानीत एक विद्यालय काढले, दूरदूरचे पंडित आणवले आणि गावोगावची हुशार मुले निवडून त्यांना तिथे शिकायला ठेवले. रस्ते, पूल, कालवे यांचे शास्त्र त्यांनी शिकावे आणि राज्याच्या कामी लावावे, अशी योजना होती. नावे ठेवावीत असे तिच्यात काही नव्हते.

त्या विद्यालयात बारा वर्षे काढून एक शिष्य राज्याच्या पूर्वेकडच्या मुलखात परत आला. हा मुलूख तलावांचा. उताराला मातीची लांबलचक पाळ घालायची, पावसाचे पाणी तिच्यामागे अडवायचे आणि त्यावर भात पिकवायचा, ही तिथली रीत. पाळ म्हणजे मातीचा बांधच, पण कुठे कुठे अर्ध्या कोसाचा आणि दोन पुरुष उंचीचा. या पाळी कोणा पंडिताने बांधल्या नव्हत्या. लोकांच्या पणज्या-खापरपणज्यांनी टोपल्या वाहून त्या उभ्या केल्या होत्या. प्रत्येक तलावाला एक पाणकर असे. पाळीची निगा राखायची आणि कोणाच्या शेताला किती दिवस पाणी सोडायचे ते ठरवायचे, हे त्याचे काम.

आपल्या गावचा पाणकर हाच या शिष्याचा पहिला गुरू. शिष्याच्या आधीची चार भावंडे दगावली होती, म्हणून मृत्यूची नजर पडू नये अशा हेतूने आईने त्याचे नाव उकिरड्यावरून उरकुडा ठेवले. नजर त्याच्यावर पडली नाही, आईबापांवर पडली. सहा वर्षांच्या पोराला पाणकराने आपल्या झोपडीत नेले आणि भातासोबत पाण्याचे ज्ञानही वाढले. पुढे राजाची माणसे हुशार मुले शोधत आली तेव्हा म्हाताऱ्यानेच त्याला पुढे केले. "इथलं मी देल्लं, तिथलं ते देतील," तो म्हणाला होता. "दोन्ही घेऊन ये." राजधानीत गेल्यावर पोराने पहिले काम केले ते हे, की हजेरीपटावर स्वतःचे नाव उदयराज असे लिहवून घेतले. यात त्याचा फार दोष धरू नये. नावाला हसणाऱ्या पन्नास मुलांत एकट्याने राहून पाहा, म्हणजे कळेल.

आता तो राजाचा पाहणीदार होता. राजधानीपासून पूर्वेच्या बाजारपेठेपर्यंत मोठा रस्ता व्हायचा होता आणि तो याच गावच्या पाळीवरून जायचा होता. त्यासाठी पाळीच्या बाहेरच्या अंगाला दगड आणि मुरूम भरून ती रुंद करायची होती. दगडांनी लादलेल्या गाड्या येऊन उभ्या होत्या. कार्तिकी पौर्णिमेला स्वतः प्रधान येऊन पहिला दगड बसवणार होते. त्याआधी पाळ भक्कम आहे असे लिहून पाहणीदाराने आपली मुद्रा उठवायची, एवढेच बाकी होते. पाहणीला हाताशी तीन दिवस होते, पौर्णिमा पंधरा दिवसांवर होती.

पाळीच्या तोंडाशी करंजाच्या झाडाखाली म्हातारा बसला होता. शिष्याला तो लांबूनच दिसला आणि त्याचा ऊर भरून आला. आठ वर्षांत भेट नव्हती. म्हाताऱ्याने मान वर केली, त्याच्या तोंडाकडे पाहिले, मग पायांकडे पाहिले.

"जोडे काढ," तो म्हणाला.

मागे कारकून होते, गवंडी होते, अर्धा गाव होता. कोणीतरी हसू दाबायला खोकले. शिष्याचे कान तापले. कारण या जोड्यांची एक जुनी गोष्ट होती आणि ती तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला ठाऊक होती.

गावाची फार जुनी चाल अशी, की पाळीवर वहाणा घालून जायचे नाही. घातल्या तर तलावाची देवी कोपते. आणि कार्तिकात, तलाव काठोकाठ भरलेला असताना, रोज सकाळी सगळ्या गावाने अनवाणी पाळीच्या बाहेरच्या अंगावरून चालत जायचे. तिथे कमरेच्या उंचीवर एक पायवाट होती, तिच्यावरून या टोकाकडून त्या टोकाला. त्या टोकाला पाणकर बसलेला असे. लोक त्याच्याशी चार शब्द बोलत, देवीला फूल वाहत आणि घरी जात. आठ वर्षांपूर्वी, विद्यालयातल्या चौथ्या वर्षी, शिष्य सुटीत आला तो डोक्यात नवा उजेड घेऊन. चावडीसमोर उभे राहून त्याने गावाला समजावले, की चामड्याच्या तुकड्यावरून कोणती देवी कोपत नसते आणि असल्या भयांनीच आपण मागे राहिलो. नुसते बोलून तो थांबला नाही. दुसऱ्या दिवशी कोरे करकरीत जोडे घालून सबंध पाळ चालून गेला. काही झाले नाही. लोकांनी त्याला खांद्यावर घेतले. त्याच्या आयुष्यातला तो सगळ्यात अभिमानाचा दिवस होता. म्हातारा गर्दीच्या मागे उभा होता, काही न बोलता निघून गेला. पुढच्या कार्तिकापासून पाळीवर सकाळी तो एकटाच चालू लागला.

"आजा, ते बोलणं आपलं कधीच झालंय," शिष्य आता हळू आवाजात म्हणाला. त्याने वाकून नमस्कार केला आणि जोड्यांसकट पाळीवर चढला.

मागून म्हाताऱ्याने हाक मारली, "मंग येवढं तरी सांगजो रे, कुठी थंड लागलं ते!"

या वेळी मात्र लोक उघड हसले.

दोन दिवस पाहणी चालली. साखळी ताणून लांबी मोजली, खुंट्या ठोकून उतार मोजला, माथ्याची रुंदी मोजली. ग्रंथात जे प्रमाण दिले होते ते इथे तंतोतंत जमले होते, कुठे कुठे त्याहून सरसच होते. अक्षरशत्रू माणसांनी हे कसे साधले असेल, या विचाराने शिष्य चकित झाला आणि त्याला अभिमानही वाटला. पाळीला नाव ठेवायला जागा नव्हती. गवत दाट, हिरवेगार, सगळीकडे सारखे.

दोन्ही दिवस म्हातारा करंजाखाली बसून होता. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला तो वहाणा काढायला सांगे. कोणी काढी, कोणी न ऐकल्यासारखे करी. पलीकडून परतणाऱ्याला तो एकच प्रश्न विचारी, कुठे थंड लागले?

पाळीच्या अगदी पायथ्याशी मासेमारी करणाऱ्या ढिवरांची नऊ घरे होती. तिथली बिरजाबाई जाळे सुकत घालत होती. शिष्याने तिला विचारले, "म्हातारा केव्हापासून असं करतो?"

"दोन वर्सं झाली असतील, सायेब," ती म्हणाली. लहानपणी हिच्या ओट्यावर बसून त्याने भाजलेली मासळी खाल्ली होती. आता ती उभी राहून, पदर सावरून बोलत होती. "डोकं फिरलं म्हाताऱ्याचं. एकटं मानूस, करते काय? मी आपली रोज सांगते, थंड लागलं आजा, सगळीकडं थंड लागलं. त्याले बरं वाटावं म्हनून. बाकीचे म्हनतात कुठीच नाही लागलं, म्हंजे लवकर सुटका होते."

"मग तो काय म्हणतो?"

"काय म्हनन? मान हालवते. मंग आमच्या घरांकडं पाहत बसते."

शिष्याचे मन फार उदास झाले. गुरूला वेड लागले, आणि आपण इतके दूर होतो की आपल्याला ते कोणी कळवलेसुद्धा नाही. संध्याकाळी तो चावडीत बसला. गावाने त्याला गादी दिली होती, तक्क्या दिला होता, चांदीच्या पेल्यात दूध दिले होते. शेजारी बसायला मात्र कोणी आले नाही. लोक दारातून डोकावत, साहेबांना काही हवे का विचारत आणि जात. राजधानीत बारा वर्षे त्याने मनाशी एक समजूत जपली होती, की इथे आपण परके असलो तरी तिकडे आपले एक गाव आहे. आज तेही नाही, असे त्याला वाटले आणि पेला हातात तसाच धरून तो रडला. मग डोळे पुसून उठला आणि म्हाताऱ्याच्या झोपडीकडे निघाला. उद्या मुद्रा उठवायची होती. त्याआधी एकदा तरी त्याच्या हातची पेज प्यावी, एवढीच इच्छा होती.

चुलीवर पेज शिजत होती. म्हाताऱ्याने कोण आले ते वळून न पाहताच ओळखले. "बस, उरकुड्या," तो म्हणाला. आठ वर्षांत हे नाव कोणी घेतले नव्हते. शिष्य जमिनीवर बसला. तो पाहणीची हकीकत सांगू लागला, उतार किती नेमका आहे, माथा किती सारखा आहे. म्हातारा ऐकत होता, मधूनच हसत होता. त्याने लाकूड मागे ओढले तसा एक निखारा चुलीबाहेर घरंगळला. म्हातारा भांडे उतरवायला पुढे सरकला आणि त्याचा उजवा पाय त्या निखाऱ्यावर पडला.

तो तिथेच उभा राहिला. भांडे उतरवले, झाकण काढले, पळीने पेज ढवळली. कातडे जळल्याचा वास आला.

"आजा! पाय!"

म्हाताऱ्याने खाली पाहिले. "आं? बरं झालं सांगतलं," म्हणून त्याने पाय उचलला आणि टाचेने निखारा बाजूला सारला. मुलीच्या परकराला लागलेला काटा काढावा इतक्या सहज.

शिष्याने धावत जाऊन पाणी आणले आणि म्हाताऱ्याचा तळपाय मांडीवर घेतला. तळव्यावर अशा जुन्या जखमा कितीतरी होत्या, काही बऱ्या झालेल्या, काही चिघळलेल्या.

"केव्हापासून?" त्याने विचारले.

"दोन वर्सं. आधी बोटं गेली, मंग टाच. आता गुडघ्याच्या खाली मले काही समजत नाही. मांडीवर घेतलास ते डोळ्यानं दिसते म्हनून ठाऊक."

दोन वर्षे. शिष्याच्या मनात काहीतरी हलले, पण ते काय ते त्याला उमगेना. तो म्हणाला, "आणि दोन वर्षांपासूनच तुम्ही लोकांना वहाणा काढायला लावता."

"मंग काय करू?" म्हातारा म्हणाला. त्याने पेजेचे भांडे शिष्यासमोर ठेवले आणि मग, आयुष्यात प्रथमच, तो सलग बोलला.

"आईक. तलाव भरला की पानी पाळीतून वाट शोधते. कुठं खेकड्यानं घर केलं, कुठं घुशीनं पोखरलं, कुठं मेलेल्या झाडाचं मूळ सडलं, की ते आत शिरते. वरून काही दिसत नाही. गवत हिरवंच असते. तुझ्या साखळीलेही दिसत नाही, तिची काही चूक नाही, तिचं काम उंची मोजायचं. पन पानी आतून आलं की बाहेरच्या अंगाची माती थंड लागते, जराशी मऊ लागते. सकाळच्या पाराले, अनवाणी पायाले, तेवढंच समजते. म्हनून गाव चालत होतं. दोनशे मानसं, चारशे पाय, रोज. त्या टोकाले पानकर बसायचा, अन् कोन काय सांगते ते आईकायचा. ज्या जागेवर चारपाच जनांच्या पायाले गार लागलं ती जागा तो खोदायचा."

"पण देवी..."

"माझा बाप देवीचं नाव सांगायचा. त्याचा बापही. लहान पोराले, घाईतल्या मानसाले येवढं कारन पुरते. खरं कारन मले कोनी सांगतलं नाही, अन् मी तुले सांगतलं नाही. पायाले ठाऊक होतं, तोंडाले नव्हतं. तू चावडीपुढं बोलला ते खोटं नव्हतं रे. देवी कोपत नाही. मंग मी उभा राहून काय बोलनार होतो? मले वाटलं, लोकं नाही चालले तर नाही चालले, माझे पाय तर हायेत." त्याने जळलेल्या पायावर हात ठेवला. "मंग पायही गेले."

चुलीत लाकूड फुटले.  आठ वर्षांपूर्वी लोकांनी आपल्याला खांद्यावर घेतले होते, तो दिवस शिष्याला आठवला, आणि त्याला आपल्या स्वतःच्या खांद्यांची लाज वाटली. आपण लोकांचे एक भय घालवले, ते बरेच केले. पण त्या भयाच्या पोटात काय ठेवले आहे ते उघडून न पाहताच सगळे गाठोडे तलावात फेकून दिले.

"तुम्ही मला कळवलं का नाही?" त्याने विचारले.

"काय कळवू? पानी पायाले थंड लागते, असं? तुझ्या पंडितांनी वाचलं असतं तर हसले असते. तूही हसला असता."

हे खरे होते. शिष्य मान खाली घालून पेज पिऊ लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, दव अजून गवतावर असताना, पाहणीदार करंजाखाली आला. त्याने जोडे काढले आणि म्हाताऱ्याशेजारी ठेवले. गवंडी पाहत होते, कारकून पाहत होते. म्हाताऱ्याने फक्त एवढेच सांगितले, "दव सगळीकडं थंडच असते. ते सोडून दे. टाच दाबून चाल."

बारा वर्षे जोड्यांत वाढलेले पाय बायकांच्या तळहातासारखे मऊ झाले होते. पहिल्या वीस पावलांत काटा गेला, पन्नासाव्या पावलाला खडा लागून रक्त आले. पायांना जे कळत होते ते सगळे दुःखच होते, आणि या दुःखातून थंडी वेगळी कशी काढायची ते त्याला कळेना. पायवाट आठ वर्षांत गवताखाली बुजून गेली होती. तो टाच दाबत दाबत चालत राहिला. त्या टोकाला पोचला. तिथे आज कोणी नव्हते, म्हाताऱ्याला तेवढे चालवत नव्हते. शिष्य परत फिरला.

परतताना, पळसाच्या झाडाच्या थोडे अलीकडे, त्याची टाच थबकली. त्याला वाटले भास असेल. तो चार पावले पुढे गेला, मागे आला. पुन्हा पुढे गेला. मग डोळे मिटून आला. पाच हात लांबीच्या एका पट्ट्यात माती वेगळी होती, विहिरीच्या काठासारखी गार, आणि किंचित दबणारी. त्या पट्ट्याच्या सरळ खाली बिरजाबाईचे जाळे वाळत होते आणि तिची नातवंडे अंगणात जेवायला बसली होती.

"आजा!" तो ओरडला, आणि बारा वर्षांत विसरलेली बोली त्याच्या तोंडी आपोआप आली. "इथी थंड लागते! आजा, इथी!"

म्हातारा करंजाला धरून उभा राहिला. त्याचे ओठ हलताना दिसले, पण इतक्या लांबून शब्द ऐकू आले नाहीत.

तिथे लगेच खोदता येणार नव्हते. पाण्याचा भार पाळीवर असताना फावडे मारणे म्हणजे आपल्या हाताने पाळ फोडणे. पाणी सोडायच्या दाराला त्या मुलखात तुडूम म्हणतात. ते किती उघडायचे, किती दिवस उघडे ठेवायचे म्हणजे खालचा भात बुडणार नाही, याचा हिशेब शिष्याने विद्यालयात शिकलेल्या रीतीने मांडला, आणि म्हाताऱ्याने तो ऐकून मान डोलावली. "हे मले आलं नसतं," तो म्हणाला आणि खूश झाला. नऊ घरांतली माणसे बोचकी घेऊन देवळात राहायला गेली. जाताना बिरजाबाई म्हाताऱ्यासमोर उभी राहिली.

"आजा, मी रोज खोटं सांगत होती," ती रडत म्हणाली. "माझ्याच घरावरची जागा होती, अन् मी सगळीकडं थंड हाये म्हनून सांगत होती."

"तुले माझी दया येत होती," म्हातारा म्हणाला. "आता दया नको करू. आता खरं सांगजो."

प्रधान पौर्णिमेला आले तेव्हा तलाव निम्मा रिकामा होता, पाळीचे पोट उघडे होते आणि दगडांच्या गाड्या जागच्या हलल्या नव्हत्या. प्रधानांचा चेहरा उतरला.  पाहणीदाराने आठ हात लांबीचा बांबू घेतला आणि खोदलेल्या जागी उघड्या पडलेल्या बिळात सरकवला. सबंध बांबू आत गेला. बाहेर काढला तेव्हा तो गढूळ पाण्याने थबथबलेला होता, म्हणजे पाणी आतली माती घेऊन येऊ लागले होते.

"यावर आपण दगड रचणार होतो, महाराज," तो म्हणाला. "मग हे बीळ कोणाच्या पायाला कधीच कळलं नसतं. मी मुद्रा काढून ठेवली होती."

प्रधानांनी बांबूवरचा गाळ बोटाने पुसून पाहिला. मग त्यांनी खालच्या नऊ घरांकडे पाहिले आणि रस्ता शेतांच्या कडेने न्यायला सांगितले. अर्धा कोस लांब पडला, पण झाला. बीळ तलावातल्याच चिकण गाळाने थराथराने चोपून भरले गेले. पुढच्या कार्तिकात, तलाव पुन्हा भरल्यावर, गाव पुन्हा अनवाणी चालले, आणि या वेळी का चालायचे ते पोराठोरांना ठाऊक होते. ज्यांना देवीला फूल वाहायचे होते त्यांनी तेही वाहिले. म्हाताऱ्याला बाजेवर घालून त्या टोकाला नेऊन बसवत. प्रत्येकाला तो विचारी आणि प्रत्येकाचे उत्तर नीट ऐकून घेई.

राजाने शिष्याला राज्यातल्या सगळ्या तलावांच्या पाहणीवर नेमले. तीनशेच्या वर तलाव होते. शिष्याने पाहणीचा तक्ता नव्याने आखला. लांबी, उंची, उतार यांच्या आधी त्याने पहिल्याच ओळीत एक प्रश्न लिहिला: या पाळीवरून कोण चालतो? विद्यालयातल्या पंडितांनी भुवया उंचावल्या, पण राजाने तो प्रश्न राहू दिला.

मग शिष्य गावोगाव फिरू लागला. तलाव दिसला की तो पहिल्या भेटणाऱ्या माणसाला तो प्रश्न विचारी. सुरुवातीला त्याला वाटे, उत्तरांनी आपला तक्ता भरून जाईल, चार वर्षांत एक मोठा ग्रंथ होईल. उत्तर मात्र बहुतेक ठिकाणी एकच येई. होता एक म्हातारा. काहीतरी करायचा बुवा, पाळीवर फिरायचा, माती हुंगायचा, बेडकांचे आवाज ऐकत बसायचा. काय करायचा ते कोणी विचारले नाही. गेल्या साली गेला. तीन सालांखाली गेला. शिष्य हे सगळे लिहून घेई, आणि लिहिताना त्याला वाटे, की आपण तलावांची मोजणी करत नसून या माणसांच्या सुतकाला जात आहोत, आणि प्रत्येक ठिकाणी आपल्याला उशीर झालेला आहे.

दुसऱ्या वर्षीच्या कार्तिकात, उत्तरेकडच्या एका आडबाजूच्या तलावावर असताना, गावाकडचा निरोप पोचला. म्हातारा गेला होता. गेला त्या सकाळीही त्याला पाळीच्या टोकाला नेले होते. बिरजाबाईने सांगितले होते, आज कुठेच थंड नाही आजा, खरं सांगते. तो बरं म्हणाला आणि त्याने डोळे मिटले. पाळीवर आता बिरजाबाई बसते, असेही निरोप्याने सांगितले.

शिष्याने निरोप्याला जेवू घातले आणि वाटेला लावले. आता उरकुडा म्हणून हाक मारणारे जगात कोणी उरले नव्हते.

समोर परका तलाव पसरला होता. तिथल्या माणसांनाही त्याने सकाळीच तो प्रश्न विचारला होता आणि तेच उत्तर मिळाले होते. शिष्याने जोडे काढून झाडाखाली ठेवले आणि पाळीच्या बाहेरच्या अंगाने चालायला लागला. पायवाट नव्हती, गवत पोटरीपर्यंत आले होते. त्याचे तळवे आता जाड झाले होते, खडे बोचत नव्हते, आणि दवाची थंडी कोणती व पाण्याची कोणती हे टाचेला लगेच कळत होते. तिसऱ्या वळणावर, एका वठलेल्या मोहापाशी, त्याला ती थंडी लागली.

तो तसाच चालत दुसऱ्या टोकापर्यंत गेला, कारण चाल तशी होती. टोकाला एक सपाट दगड होता, बसून बसून मधोमध गुळगुळीत झालेला. त्या दगडावर कोणी नव्हते. कुठे थंड लागले, असे त्याला कोणी विचारले नाही.

 मग त्या रिकाम्या दगडाला, आजाला सांगावे तसे, शिष्याने सांगितले, "मोहाजवळ, आजा." आणि सांगून झाल्यावर तो गावात गेला, फावडी मागायला आणि बरोबर चालायला माणसे बोलवायला.

आपल्याही गावाच्या पाळीवर कोणीतरी शेवटचे चालले असेल. ते अजून जिवंत असेल, तर आजच त्याच्याकडे जाऊन बसावे.